पावसाळ्यात टेबलाचा टॉप का वाकतो, आणि पुढचा वाकू नये म्हणून काय करायचं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. पुण्यात एप्रिलमध्ये सागाचा डायनिंग टेबल करून घेतला. टॉप 6 फूट बाय 3 फूट, जाडी 1 इंच, सात फळ्या पांढऱ्या गोंदाने शेजारी शेजारी चिकटवलेल्या. वरून पीयू (पॉलियुरेथेन) पॉलिश, खालची बाजू कोरी. लोखंडी फ्रेमच्या मधल्या पट्टीला चार स्क्रूंनी टॉप बसवलेला. ऑगस्टमध्ये दोन्ही लांब कडा उचलल्या आणि मधोमध 8 मिमीचा खोलगा पडला. वखारवाला म्हणतो गोंद हलका, सुतार म्हणतो लाकूड कच्चं, शेजारी म्हणतात प्लायच घ्यायचा होता. हा टॉप सरळ होईल का, पुढचा करताना काय सांभाळायचं आणि सुताराकडून पैसे परत मागायचे का, हे तुम्हाला हवंय.

असा टॉप माझ्याकडे आला की मी पहिल्यांदा विचारतो: बाक आला कधी? चिकटवल्यावर शिकंज्यातून (क्लॅम्पमधून) काढला त्याच दिवशी होता, की महिन्या-दोन महिन्यांनी, ऋतू बदलल्यावर आला? अर्धं निदान इथेच होतं. पहिल्या दिवसापासूनचा बाक हा हातकामाचा दोष असतो: कडा गुण्यात (काटकोनात) नसतात, नाहीतर शिकंजा चुकीचा आवळलेला असतो. असा बाक पावसाळा-उन्हाळा पाहत नाही, होता तेवढाच राहतो. नंतर आलेला आणि हवेबरोबर कमीजास्त होणारा बाक हा ओलाव्याचा. तुमचा टॉप एप्रिल ते जुलै सपाट होता, म्हणजे मामला ओलाव्याचा आहे. गोंदाला यात दोष देता येत नाही. गोंद कमी पडला असता तर जोड उकलले असते, टॉप वाकला नसता. तुमचे सहाही जोड शाबूत आहेत.

आता लाकूड किती हलतं ते आकड्यांत बघू, कारण याचा अंदाज बहुतेकांना नसतो. लांबीत लाकूड हलत नाही म्हटलं तरी चालेल. रुंदीत मात्र हलतं, आणि ते फळी ओंडक्यातून कशी काढली यावर ठरतं. फळीच्या टोकाकडून पाहिलं तर वाढीच्या वलयांच्या रेषा दिसतात. त्या फळीच्या रुंदीला साधारण समांतर, कमानीसारख्या असतील तर ती फळी जास्त हलते. रेषा उभ्या, रुंदीला काटकोनात असतील तर जवळपास निम्मी. सागाचं बघायचं तर ओल्या ओंडक्यापासून पूर्ण कोरडं होईपर्यंत कमानीच्या दिशेने तो साधारण 5.8 टक्के आक्रसतो आणि उभ्या रेषांच्या फळीत 2.5 टक्के. हे आकडे कमीच म्हणायचे. बाजारात स्टीम बीच नावाने मिळणारं बीचवूड कमानीच्या दिशेने याच्या जवळजवळ दुप्पट आक्रसतं. सागाला मान आहे तो नुसता वाळवी लागत नाही म्हणून नाही.

रोजच्या हिशोबासाठी असं धरा: ओलावा 1 टक्क्याने बदलला की कमानीच्या सागाची फळी रुंदीत साधारण 0.19 टक्के बदलते. पुण्यात एप्रिल-मेच्या दुपारी हवेतली आर्द्रता 20-25 टक्क्यांपर्यंत उतरते, ऑगस्टमध्ये 80 च्या वर जाते. घरातलं लाकूड दोन्ही टोकं गाठत नाही, पण उन्हाळ्यात 8 टक्के आणि पावसाळ्याच्या शेवटी 14 टक्के ओलावा हे अगदी नेहमीचं आहे. म्हणजे 6 टक्क्यांचा फरक. तुमच्या 900 मिमी रुंदीच्या टॉपला तो साधारण 10 मिमी पडतो. दरवर्षी टॉप 10 मिमी रुंद होणार आणि परत तेवढाच आक्रसणार. हे कोणी थांबवू शकत नाही. पॉलिशने वेग कमी होतो, एवढंच.

मात्र फुगणं निराळं आणि वाकणं निराळं. दोन्ही बाजू सारख्या फुगल्या तर टॉप नुसता रुंद होतो, सपाटच राहतो. वाकतो तो एक बाजू जास्त आणि दुसरी कमी फुगली की. तुमच्या टॉपला वरून पीयूचे तीन-चार हात आणि खाली काहीच नाही. जुलैमध्ये दमट हवा खालून आत शिरली, वरून तिला वाट नव्हती. खालची बाजू पसरली, वरची मागे राहिली, त्यामुळे कडा वर आल्या. आता फरक किती लागतो ते पाहा. 25 मिमी जाडी आणि 900 मिमी रुंदी धरून हिशोब केला, तर वरच्या आणि खालच्या पृष्ठभागाच्या ओलाव्यात फक्त 1 टक्क्याचा फरक पडला तरी मधे साधारण साडेसात मिमीचा खोलगा येतो. तुम्ही 8 मिमी मोजला आहे. सुताराने लाकूड कच्चं म्हटलं ते चूकच असेल असं नाही, पण वाकायला कच्चं लाकूड लागत नाही. उत्तम सुकवलेला सागही असाच वाकला असता.

(एक उलटी खूण लक्षात ठेवा. हाच टॉप ऑगस्टमध्ये करून, वरूनच पॉलिश करून डिसेंबरात पाहिला असता, तर कडा खाली आणि मध्य वर आला असता. कोरी बाजू आधी सुकते, आधी आक्रसते.)

हा टॉप परत सरळ कसा करायचा

स्क्रू काढा आणि टॉप फ्रेमवरून उतरवा. जमिनीवर आडवा टाकू नका, भिंतीला चिकटवूनही ठेवू नका. लांब कडेवर उभा करा, खाली दोन लाकडी ठोकळे, आणि दोन्ही बाजूंनी हवा खेळेल असा आधार द्या. खोलीत पंखा सुरू असू दे. पाऊस ओसरला की दोन-तीन आठवड्यांत बराचसा बाक जातो. पूर्ण जायला दिवाळी उजाडू शकते. घाई असेल तर कोवळ्या उन्हात खालची, म्हणजे कोरी बाजू उन्हाकडे करून ठेवता येतो. पण मग दर अर्ध्या तासाने सरळ पट्टी लावून बघावं लागतं. ऊन लाकडाला एका दुपारीत उलट्या बाजूला नेतं, आणि तडे जातात ते वेगळंच. मी स्वतः पंख्याचाच मार्ग घेतो.

न करायच्या गोष्टी तीन. वजन ठेवून सरळ करायला जाऊ नका. वजन काढलं की टॉप परत आपल्या जागी येतो. खालून करवतीच्या खाचा मारू नका. हा सल्ला बरेच मिस्त्री देतात आणि त्याने टॉप दिसायला सरळ होतोही, पण निम्मी ताकद जाते आणि हवा लागायला आणखी उघडं लाकूड मिळतं. आणि सगळ्यात महत्त्वाचं, वाकलेला असताना वरून रंधा किंवा सँडर फिरवून सपाट करू नका. आज सपाट दिसेल. मार्चमध्ये दोन्ही बाजूंचा ओलावा सारखा झाला की मूळ टॉप सरळ होईल आणि तुमचं सपाटीकरण फुगवटा होऊन वर येईल.

टॉप सरळ झाला की लगेच खालच्या बाजूला पीयूचे तेवढेच हात द्या, जेवढे वर आहेत. खालून दिसत नाही म्हणून एक हात मारून सोडणं इथे चालत नाही. चारही कडा आणि स्क्रूची भोकंसुद्धा पॉलिशमध्ये घ्या. फळ्यांची टोकं तर सगळ्यात जास्त ओलावा पितात, तिथे एक हात जादाच द्या.

डिसेंबर उजाडूनही 3-4 मिमी बाक राहिला, तर समजा की तंतू दाबले गेले आहेत. फुगायला जागा न मिळालेलं लाकूड आतल्या आत चेपतं आणि ते चेपणं कायमचं असतं. अशा वेळी जोडाच्या रेषेवरून टॉप उभा कापून, कडा पुन्हा रंधून, परत चिकटवणं हाच खरा उपाय. प्रत्येक कापात 3-4 मिमी जातात, रुंदी इंचभर कमी होईल.

पुढच्या टॉपचं लाकूड

वखारीत फळ्या बघताना सुंदर चेहऱ्याच्या आधी टोकं बघा. टोकं धुळीने माखलेली असतील तर ओल्या फडक्याने पुसा, वलयं स्पष्ट दिसतात. गाभ्याचा मधला ठिपका ज्या फळीत आहे ती घेऊ नका, ती फुटणारच. सालीकडचा पांढरट कच्चा भाग जास्त असलेली पण नको. बल्लारशाचा जुना साग आणि बागायती लागवडीचा आयात साग यांत वलयांच्या अंतरावरून फरक कळतो. भराभर वाढलेल्या कोवळ्या झाडाचं लाकूड जास्त वळतं आणि पीळही खातं. बजेट कमी असेल तर कोकणातलं शिवणीचं लाकूड विचारा. रंगाला फिकं, पण जागचं न हलणारं. टेबलाला थोडं मऊ पडतं हे खरं.

फळ्या किती रुंद? 4 ते 5 इंच. 9-10 इंची फळी मिळाली की ग्राहक आणि सुतार दोघंही खूश होतात, पण कमानीची रुंद फळी स्वतःच पन्हळीसारखी वळते. ती मधोमध चिरून परत चिकटवली तर रेषा जुळलेल्याच दिसतात आणि आधी आलेलं वळण निम्म्याहून कमी होतं.

ओलावा मोजा. दोन टोच्यांचं मीटर आता सहज मिळतं, पण ते टोचलेल्या जागेपुरतंच बोलतं. मीटर नसेल तर घरचा ओव्हन आणि डिजिटल वजनकाटा पुरतो. फळीच्या टोकापासून दीड फूट आतून सव्वाशे ग्रॅमचा तुकडा कापा. लगेच वजन करा. समजा 124 ग्रॅम भरलं. ओव्हनमध्ये 105 अंशांवर ठेवा, दोन-तीन तासांनी परत वजन करत राहा. वजन उतरायचं थांबलं की कोरडा आकडा मिळाला, समजा 110. फरक 14, भागिले 110, म्हणजे 12.7 टक्के. ओल्या वजनाने भागू नका, तिथे हमखास गफलत होते. पुण्यातल्या घरासाठी मी 10 ते 12 च्या मधे काम सुरू करतो: ऋतूंच्या मधोमध, म्हणजे दोन्हीकडे थोडं थोडं हलायला वाव राहतो. रत्नागिरी किंवा मालवणला जाणारा टेबल असेल तर 13-14 ही चालतात. सरसकट एक आकडा देशभर चालत नाही. आयएस 287 या भारतीय मानकात म्हणूनच देशाचे आर्द्रतेप्रमाणे विभाग पाडून लाकडाचा ओलावा सांगितला आहे.

सातही फळ्या एकसारख्या ओलाव्याच्या असणं हे तर आकड्याहूनही महत्त्वाचं. 9 टक्क्यांची फळी 14 च्या शेजारी चिकटवलीत, तर पुढे ती जोडाजवळ पायरी देणारच.

लाकूड आणल्यावर जिथे काम होणार तिथे, शक्य असेल तर जिथे टेबल राहणार त्या घरात, फळ्यांच्या मधे सारख्या जाडीच्या पट्ट्या घालून दोन-तीन आठवडे रचून ठेवा. मग पहिलं रंधकाम करा, पण पूर्ण जाडीला नेऊ नका. 3 मिमी जादा ठेवा आणि आठवडाभर पुन्हा तसंच रचा. आतली बाजू आता बाहेर आली आहे, ती मोकळी होते, फळी जेवढी वळायची तेवढी वळून घेते. त्यानंतर दोन्ही बाजूंनी सारखं लाकूड काढून अंतिम जाडी. सगळं एकाच बाजूने काढलं तर फळी दुसऱ्या दिवशी वाकलेली मिळते, ही तक्रार घेऊन बरेच नवशिके येतात.

वलयं उलटसुलट लावायची का?

पुस्तकांत सांगतात एक फळी गाभ्याची बाजू वर, पुढची खाली, असं आलटून पालटून लावा. सुकताना कमानीची फळी आपली कमान सरळ करायला बघते, त्यामुळे सालीकडची बाजू खोलगट होते. उलटसुलट लावलं की एक फळी वर, एक खाली, टॉप एकंदरीत सपाट पण हाताला लाटा लागतात. सगळ्या एकाच दिशेने लावल्या की लाटा नाहीत, एक मोठी सलग कमान येते. टेबलासाठी मी दुसरं पसंत करतो, सगळ्या फळ्यांची गाभ्याची बाजू वर. सुकताना मध्य वर यायला बघतो आणि कडा खाली. मध्य खालच्या आडव्या पट्टीने स्क्रूत धरून ठेवता येतो. सुट्या ठेवायच्या फळ्यांना, जिथे खाली फ्रेमच नाही, तिथे उलटसुलट बरं. पण खरं सांगायचं तर लाकूड सुकं आणि दोन्ही बाजू पॉलिश केलेल्या असतील, तर या वादाचा फरक 1-2 मिमीचा आहे. मग मी रेषांचं सौंदर्य आणि रंधा कुठल्या दिशेने उकरत नाही, एवढंच बघतो.

कडा

इथे मात्र कंजूषी नको, कारण पहिल्या दिवसापासूनचा बाक इथेच जन्मतो. 25 मिमी जाडीच्या फळीची कड गुण्यात अर्धा अंश बाहेर असली, तर गुण्या लावल्यावर एका कोपऱ्याला 0.2 मिमी फट दिसते. झेरॉक्सचे दोन कागद. डोळ्याला क्षुल्लक. पण प्रत्येक जोडात दोन कडा, सहा जोड, सगळी चूक एकाच बाजूला असेल तर एकूण सहा अंश, आणि 3 फुटांच्या टॉपला मधे जवळजवळ 12 मिमीचा खोलगा. शिकंजा आवळून ही फट बंद होते म्हणून कोणाला कळतही नाही. वाकतो तो सगळा टॉप.

यावर जुनी आणि अचूक युक्ती आहे. शेजारी येणाऱ्या दोन फळ्या पुस्तक मिटावं तशा एकमेकींवर मिटवा, दोन्ही कडा वर करून कामाच्या बाकाच्या (सुतारकामाच्या टेबलाच्या) शिकंज्यात एकत्र धरा आणि एकदमच रंधा मारा. रंधा थोडा कलला तरी एका कडेचा कल दुसऱ्या कडेच्या बरोब्बर उलट येतो आणि उघडल्यावर दोघी मिळून सपाट बसतात. मशीनवर करत असाल तर एका फळीचा चेहरा कुंपणाकडे (मशीनवरच्या उभ्या टेकणपट्टीकडे), पुढच्या फळीचा बाहेर, असं आलटून पालटून चालवा. परिणाम तोच. क्रमांक आणि चेहऱ्याच्या खुणा आधीच खडूने करा, नाहीतर सात फळ्यांत गोंधळ होतो.

तपासताना वरची फळी खालच्या फळीवर कड टेकवून उभी करा आणि पाठीमागे बॅटरी धरा. मधे केसाएवढा उजेड दिसला तरी चालेल, टोकांना दिसता कामा नये. टोकं लवकर सुकतात, आक्रसतात, आणि जोड उघडायचा असला तर टोकाकडूनच उघडतो. मधे जरासा पोकळ ठेवलेला जोड टोकांवर दाब देतो. 6 फुटांत ही पोकळी अर्धा मिमी पुरे. नंतर एक सरळ पट्टी सातही फळ्यांवर आडवी टेकवा, गोंद लावायच्या आधी. इथे सपाट नसेल तर पुढे कधीच होणार नाही.

चिकटवणं

जोडात डॉवेल (लाकडी खुंट्या) किंवा बिस्किट (चपट्या लाकडी चकत्या) घातले तर फळ्या एका पातळीत बसायला मदत होते. वाकण्यावर त्यांचा काही परिणाम नाही. गोंद नेहमीचा पांढरा चालतो. ओल्या जागेसाठी पाण्याला टिकणारा वापरा. मे महिन्यात दुपारी पत्र्याच्या शेडमध्ये मात्र चिकटवू नका. पाच-सात मिनिटांत गोंदाला साय धरते आणि तुम्ही सातव्या फळीवर असता तेव्हा पहिली निकामी झालेली असते. सकाळी करा, किंवा तीन आणि चार फळ्यांचे दोन भाग वेगवेगळे करून नंतर जोडा. दोन भागांच्या पद्धतीत शेवटी एकच जोड सांभाळायचा राहतो, आणि दोन्ही भाग छोट्या मशीनमधून सपाट काढता येतात.

शिकंजे एक खालून, एक वरून, असे 9-10 इंचांवर. सगळे खालूनच लावले तर दाब खालच्या अंगाला जातो आणि टॉप वर फुगतो. शिकंज्याची रेषा फळीच्या जाडीच्या मधोमध यायला हवी, म्हणून कडेला लाकडी पट्टी ठेवून मगच आवळा. शिकंजे नसतील तर कामाच्या बाकावर दोन ठोकळे स्क्रूने पक्के करा, मधे टॉप ठेवा आणि एका बाजूला दोन उलट्या पाचरा समोरासमोर ठोका. लोखंडी शिकंज्याइतकाच दाब येतो आणि पाचरेचा दाब बरोबर बाकाच्या पातळीत राहतो. वरून आडव्या दोन सरळ पट्ट्या, खाली पॅकिंग टेप लावलेल्या, बाकाला आवळल्या की फळ्या उसळत नाहीत. जोडातून गोंदाचे बारीक मणी सलग बाहेर आले की थांबा. अजून ताकद लावली तर गोंदच बाहेर जातो.

रात्रभर शिकंज्यात ठेवा. काढल्यावर लगेच पॉलिशपर्यंत जाऊ नका. पांढऱ्या गोंदातलं पाणी जोडाच्या दोन्ही बाजूंच्या लाकडात शिरलेलं असतं, तिथे लाकूड फुगलेलं असतं. त्याच अवस्थेत सँडिंग केलं तर आठवड्याने प्रत्येक जोडावर बारीक चर पडतो, आणि चकचकीत पॉलिशखाली तो लांबूनही दिसतो. चार-पाच दिवस थांबा. या दिवसांत टॉप कधीही फरशीवर सपाट टाकू नका. खालची बाजू कोंडते, वरची सुकते, आणि एवढं सगळं करून पुन्हा तीच कहाणी. कडेवर उभा, दोन्हीकडून वारा.

फ्रेमवर बसवणं

तुमच्या फ्रेमला चारच स्क्रू, तेही मधल्या पट्टीत, म्हणून कडांना धरून ठेवायला काहीच नव्हतं. पण उलट टोक, म्हणजे चारही बाजूंनी गोल भोकांतून पक्के स्क्रू, हे त्याहून वाईट. टॉप 10 मिमी हलायला बघणार, लोखंड हलू देणार नाही, मग एक तर तो कमान घेईल किंवा उन्हाळ्यात मधोमध तडकेल. मधे गोल भोक, कडांकडे लांबट भोकं, रुंदीच्या दिशेने लांब, रेषांच्या दिशेने नाही. 6 मिमीच्या बोल्टला 16 मिमी लांब भोक पुरतं. आत वॉशर, आणि बोल्ट घट्ट पण सरकू शकेल इतपत. वेल्डर हे भोक दोन भोकं शेजारी मारून मधला भाग घासून करून देतो. फ्रेमला रुंदीत किमान तीन आडव्या पट्ट्या हव्यात, दोन टोकांना आणि एक मधे. याच पट्ट्या टॉप सपाट धरतात.

ही पद्धत काही नवी नाही. चांगल्या सुताराच्या हातचा जुना फणसाचा पाट उलटा करून पाहा. खालच्या दोन आडव्या पट्ट्या खिळ्यांनी ठोकलेल्या नसतात, आत रुंद आणि तोंडाशी अरुंद अशा तिरप्या खोबणीत सरकवलेल्या असतात. पट्टी पाटाला वाकू देत नाही आणि पाट खोबणीतून हवा तेवढा सरकतो. गोंद असलाच तर मधल्या इंचभर भागात. ज्याने तो पाट केला त्याने हवामानाचे आकडे पाहिले नव्हते, पण श्रावणात पाट काय करतो हे त्याला पाठ होतं.

दरवाजे आणि कपाटाच्या झडपांत पॅनल चौकटीच्या खोबणीत सुटं सोडतात तेही याच कारणाने. तिथे कोणी पॅनल 'हलतंय' म्हणून गोंद भरला की पुढच्या उन्हाळ्यात पॅनल फाटतं. हलू दे.

शेजाऱ्यांच्या प्लायबद्दल. प्लाय रुंदीत फारसा हलत नाही हे खरं, पण तोल बिघडला की तोही वाकतो. एका बाजूला 1 मिमी सनमायका आणि आत नुसतं पॉलिश, अशी 7 फुटी वॉर्डरोबची झडप सहा महिन्यांत पिळवटलेली दिसते. म्हणून आतून लायनर (आतल्या बाजूचा साधा, पातळ सनमायका), 0.8 मिमीच्या आसपास जाडीचा, लावतात, आणि उंच झडपांना प्लायऐवजी ब्लॉकबोर्ड (आत लाकडी पट्ट्या असलेला बोर्ड) घेतात. सांगायचं ते तेच: दोन्ही अंगांना सारखं काहीतरी हवं. सागाचं टेबल हवं असेल तर साग घ्या, प्लाय घेतला म्हणजे चिंता मिटली असं नाही.

राहिला पैशांचा प्रश्न. सुताराने दोन गोष्टी सोडल्या: खालचं पॉलिश आणि कडेची लांबट भोकं. लाकूड आणि जोड त्याने नीट केले आहेत. टेबलभर हात फिरवून तुम्हीच लिहिलंय की जोड बोटाला लागत नाही. पैसे परत मागू नका. टॉप सुकल्यावर त्याला घरी बोलवा, खालच्या बाजूला वरच्याइतकेच हात आणि फ्रेमला दोन नव्या आडव्या पट्ट्या लांबट भोकांसह करून द्यायला सांगा, साहित्य तुमचं, मजुरी त्याची. वेल्डिंगचं काम टॉप उतरवलेला असतानाच उरकून घ्या, ठिणग्यांपासून पॉलिश वाचेल.